नवं तेवढं ठेव

“भिसे, हा मेलाय का जिवंत आहे तेवढं सांग,” असं म्हणत उंबरजे सरांनी टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप माझ्या काउंटरवर ठेवला.

मी उठून उभाच राहिलो. अकरावी-बारावीला सरांनी आम्हाला जीवशास्त्र शिकवलं होतं. त्या विषयात मी दिवे लावले होते ते सगळ्या बार्शीला माहीत होते, त्यामुळे सर दुकानाची पायरी चढले की मला अजूनही प्रयोगवही राहिल्यासारखं वाटायचं. माझं दुकान स्टँडमागं, एका बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि या तालुक्यात आपल्यासारखा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दुसरा नाही असं मला मनापासून वाटत होतं.

“काय होतंय सर?”

“हळू झालाय. म्हणजे इतका हळू, की सकाळी बटण दाबून मी अंघोळीला जातो. अंघोळ होते, पूजा होते, तरी हा आपला गोल गोल फिरतोय. परवा तर फाईल उघडेपर्यंत मला काय लिहायचं होतं तेच मी विसरलो.”

मी हसलो. सरही हसले.

“आधी असा होता का?”

“नाही रे. चारेक महिने झाले असतील. आधी चांगला पळायचा. आणि मला वेळ नाही बघ. पुढच्या महिन्यात पुस्तक द्यायचंय छापायला.”

सरांचं पुस्तक म्हणजे गवतांचं पुस्तक. बार्शीत हा चेष्टेचा विषय होता. निवृत्त झाल्यापासून, आणि त्याच्या आधीही दर रविवारी, सर एसटीनं भूमकडं जायचे आणि बालाघाटच्या माळांवर धनगरांमागं फिरायचे. कुठलं गवत मेंढराला मानवतं, कुठलं म्हशीचं दूध वाढवतं, कुठलं कधी कापायचं, त्याला कोण काय म्हणतं, हे सगळं लिहून आणायचे. वीस वर्षांत त्रेसष्ट गवतं झाली होती. शास्त्रीय नावं पुस्तकांत सापडतात, पण धनगरांची नावं आणि त्यांची माहिती कुठंच लिहिलेली नाही, आणि सांगणारी म्हातारी माणसं एकेक करून चाललीत, असं सर म्हणायचे. नगरकडच्या एका संस्थेनं ते छापायचं कबूल केलं होतं. सगळी वीस वर्षं या टॉवेलातल्या डब्यात होती.

मी लॅपटॉप सुरू केला. पडदा उजळून त्यावर चित्रं दिसायला अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात मी नेहमीचे प्रश्न विचारून घेतले. नवीन काही टाकलंत का, घरात कुणी गेम खेळतं का, वर काही सांडलं का. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक डॉक्टरासमोर बसल्यासारखं खोटं बोलतं. चहा सांडलेला असतो, पण “काहीच केलं नाही हो” असं म्हणतात. सर मात्र प्रत्येक प्रश्नाला नीट विचार करून उत्तर देत होते. एकदा तर “थांब, आठवतो” म्हणून बराच वेळ गप्प राहिले.

खालची पट्टी उघडली, पंख्यावर फुंकर मारली, तर आतून कुसळं निघाली. चांगली दोन चिमटी. मला हसू आवरेना.

“सर, याला माळावर चरायला नेत होतात का?”

“पिशवी एकच आहे माझी,” सर म्हणाले. त्यांनी एक कुसळ उचलून उजेडात धरलं. “ही कुसळी. मेंढराच्या लोकरीतून जाते ती थेट कातड्यात घुसते. या यंत्रात घुसली यात नवल नाही.”

कुसळं काढली, पंखा मोकळा झाला. आत दोन-दोन अँटिव्हायरस होते आणि दोघं एकमेकांवरच पहारा करत बसले होते, त्यातला एक काढला. सुरू होताना आपोआप उठणारे दहा-बारा प्रोग्रॅम झोपवले. परत सुरू केला, तर दहा मिनिटं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं माझं. शेवटी जे पहिल्यांदा बघायला हवं होतं ते बघितलं. हार्ड डिस्कची पट्टी लालभडक झाली होती. पाचशे जीबीची डिस्क, आणि श्वास घ्यायला जागा नव्हती.

“सर, यात एवढं भरलंय काय?”

“माझी एक फाईल आहे आणि गवतांचे फोटो. बाकी काय असणार?”

‘गवते’ नावाचा फोल्डर उघडला आणि मी बघतच राहिलो. आत फोल्डरच फोल्डर. तीनशे बारा. प्रत्येकाला नाव होतं ते तिथीचं. ‘भाद्रपद शु. ३’. ‘आश्विन व. ११’. एका ठिकाणी ‘माघ व. ८’ आणि त्याच्याखाली ‘माघ व. ८ परत’, कारण त्या महिन्यात ती तिथी दोन दिवस आली असणार. कुठलाही उघडावा, आत तेच. तेच सगळे फोटो आणि तीच एक फाईल.

“सर, तुम्ही रोज सगळ्याची नवी कॉपी करून ठेवताय! म्हणून तो दमलाय. एकाच माणसाला एकावर एक तीनशे सदरे घातल्यावर तो चालणार कसा?”

सरांनी चष्मा वर केला आणि पडद्याजवळ आले. बराच वेळ ती यादी वाचत राहिले.

“हे मी नाही केलं,” ते म्हणाले.

“मग कुणी? काकूंनी?”

“तिला कुठं येतंय यातलं. ती तर लातूरला गेलीय, बहिणीच्या नातीचं बारसं आहे.” मग जरा थांबून, वेगळ्याच आवाजात म्हणाले, “मीच केलं असेल. मीच केलं असणार. तिथ्या कोण लिहिणार दुसरं.”

आज तो आवाज मला ऐकू येतो. त्या दिवशी आला नाही. मी आपला मनात हिशेब करत होतो की विंडोज नवं टाकायला किती तास जातील.

“सर, सरळ फॉरमॅट मारू. सगळं पुसून नवं टाकतो, लॅपटॉप पोरासारखा पळेल. फक्त या तीनशे बारांतलं कुठलं ठेवायचं?”

“अर्थात शेवटचं,” सर म्हणाले. “मी रोज सुधारत आणलंय ते. जुन्यात चुका आहेत. नवं तेवढं ठेव.”

आमच्या धंद्याचाही हाच नियम. ताजं ठेवायचं, शिळं काढायचं. मी सर्वांत नवा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. खात्री म्हणून फाईल उघडून पहिलं पान पाहिलं. पुस्तकाचं नाव, सरांचं नाव, खाली धनगरांना केलेली अर्पणपत्रिका. सगळं जागच्या जागी होतं. मी फॉरमॅट मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी लॅपटॉप घेऊन सरांच्या घरी गेलो. स्वतः पोचवायला जायची माझी रीत नव्हती, पण मला शाबासकी हवी होती. एकदा तरी सरांच्या तोंडून ‘वा भिसे’ ऐकायचं होतं. दारात काकूंची प्रवासाची पिशवी तशीच पडली होती. त्या नुकत्याच लातूरहून आल्या होत्या.

“ये नागनाथ. एवढ्या उन्हाचा आलास? बस, चहा ठेवते.”

मी टेबलावर लॅपटॉप ठेवला, बटण दाबलं, आणि सरांना म्हणालो, “मोजा.” वीस सेकंदांत पडदा उघडला. सरांनी टाळी वाजवली.

“वा भिसे!” ते म्हणाले. “तुला जीवशास्त्रात मी उगीच कमी मार्क दिले.”

मी हवेत होतो. सर लगेच लिहायला बसले. काकू चहा घेऊन आल्या, कप ठेवता ठेवता त्यांची नजर पडद्यावर गेली, आणि त्या तशाच वाकलेल्या राहिल्या.

“नागनाथ,” त्या हळूच म्हणाल्या, “जरा आत ये. साखरेचा डबा वर आहे, माझा हात पुरत नाही.”

साखरेचा डबा खालीच होता. स्वयंपाकघरात गेल्यावर काकूंनी दार लोटून घेतलं.

“माझ्या तिथ्या कुठं गेल्या?”

“म्हणजे… काकू, ते तुम्ही केलं होतं?”

“कुठं गेल्या, ते सांग आधी.”

“काढल्या. त्यांनीच तर लॅपटॉप हळू झाला होता. सरांनाच विचारलं मी. काळजी करू नका, सगळ्यांत नवं ठेवलंय.”

काकू मटकन पाटावर बसल्या. मला वाटलं प्रवासानं चक्कर आली. मी पाणी द्यायला गेलो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

“नवं ठेवलंस,” त्या म्हणाल्या. “अरे, नवं तेच तर बिघडलेलं आहे.”

मग त्यांनी सांगितलं. बाहेरून सरांच्या टाइप करण्याचा टकटक आवाज येत होता आणि काकू त्या आवाजाच्या खाली आवाज ठेवून बोलत होत्या. दीड वर्षापूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की सरांना विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढतच जाणार. सरांना त्यातलं अर्धं सांगितलं होतं. बार्शीत कुणालाच नाही.

“माणसं नाही अजून विसरत. तुला ओळखलं ना? गवतं विसरायला लागलेत. आणि यांची खोड तुला ठाऊक आहे. ज्याची खात्री नाही ते लिहायचं नाही. सगळ्या पोरांना तेच शिकवलं जन्मभर.”

होय, आम्हाला तेच शिकवलं होतं. प्रयोगवहीत न बघता काढलेली आकृती सर लाल रेघ मारून खोडायचे.

“सकाळी फाईल उघडतात, एखादं पान वाचतात, आणि ते गवत आठवतच नाही. मग म्हणतात, हे मी कशाच्या आधारावर लिहिलंय? आणि खोडून टाकतात. शहाण्या माणसासारखं, नीट, पूर्ण पान. माझ्या डोळ्यांदेखत शेडा गेला. मारवेल गेलं. ज्या पवन्यासाठी आम्ही दोघं तीन वर्षं भाद्रपदात त्या कोंडिबा धनगराच्या वाड्यावर राहायला गेलो, तो पवन्या एका सकाळी चहा प्यायच्या आत गेला.”

“मग तुम्ही थांबवलं का नाही? काकू, फाईलला कुलूप लावता येतं. मला सांगितलं असतं तर दोन मिनिटांत…”

“आणि रोज सकाळी उठून त्यांनी काय करायचं?” काकूंनी माझ्याकडं पाहिलं. “सकाळी त्या टेबलाशी बसले की ते उंबरजे सर असतात, नागनाथ. दुपारनंतर नसतात. ते काम मी हातातून कसं काढून घेऊ?”

मी लोटलेल्या दाराकडं पाहिलं, टकटक चालूच होती.

“म्हणून शेजारच्या सुनेकडून शिकून घेतलं. कसं उचलायचं, कसं ठेवायचं, नाव कसं द्यायचं. हे अंघोळीला गेले की मी रोज एक करून ठेवायची. मला तारखा कुठं लक्षात राहतात, म्हणून तिथी. पुढं पुढं ते यंत्रच इतकं सावकाश झालं की त्यांची अंघोळ व्हायची तरी माझं संपायचं नाही. मग म्हणायची, आज जरा सावकाश पूजा करा हो, माझी डाळ शिजायचीय.” एवढ्यातही त्या हसल्या.

“पण रोज कशाला, काकू? पहिलं एक चांगलं ठेवलं असतं तरी…”

“पहिलं कुठं पुरं होतं? रोजच काही बिघडवत नाहीत ते. एखाद्या दिवशी असं लिहितात की वाचून अंगावर काटा येतो. सहा महिन्यांपूर्वी जमलं नव्हतं ते मध्येच एका सकाळी जमून जातं. परत दुसऱ्या दिवशी खोडतात. मी सातवी शिकलेली बाई. कुठला दिवस चांगला, कुठला वाईट, मला काय कळणार? आणि कळलं असतं तरी…” त्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. “त्यांचा कुठला दिवस टाकायचा ते मला ठरवता येईना, बाबा. म्हणून सगळेच ठेवले.”

आणि मी ते सगळे दिवस एका दुपारीत पुसून टाकले होते. वर शाबासकी घ्यायला आलो होतो. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मला त्या स्वयंपाकघरात उभं राहवेना, आणि बाहेरही जाववेना.

बाहेर आलो, सरांच्या खांद्यावरून पाहिलं. काल पहिलंच पान बघून मी फाईल मिटली होती, त्याच्या पुढं आता पाहिलं. त्रेसष्ट गवतांतली एकोणीस उरली होती. बाकीच्या पानांवर एकेक ओळ होती, सरांच्या नेहमीच्या स्वच्छ भाषेत. ‘या गवताविषयी माझ्याकडे खात्रीशीर माहिती नाही.’

“सर,” मी म्हणालो, “एक चूक झाली माझ्याकडून. लॅपटॉप परत न्यावा लागेल.”

“चूक झाली हे स्वतः कबूल करतोस?” सर म्हणाले. “सुधारलास तू.”

आता थोडं धंद्यातलं सांगतो. फॉरमॅट मारला म्हणजे सगळं लगेच नाहीसं होत नाही. शाळेच्या हजेरीपटातून नावं खोडली तरी पोरं काही वेळ बाकांवर बसलेलीच असतात. पण नवी पोरं आली की त्यांना त्याच बाकांवर बसवतात. मी वरून नवं विंडोज टाकलं होतं, म्हणजे बऱ्याच बाकांवर दुसरी पोरं बसवली होती. तरी मी डिस्क काढली, दुकानातल्या मशिनला जोडली, आणि पुसलेलं शोधणारा प्रोग्रॅम लावला. दोन दिवस तो शोधत होता. दोन दिवस मी दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावला नाही. जेवायलाही खाली उतरलो नाही.

तिसऱ्या दिवशी हाती लागल्या तीनशेच्या जवळपास फायली. त्यांतल्या उघडल्या अठ्ठावन्न. बाकीच्यांचे तुकडे पडलेले. आणि त्या अठ्ठावन्नांना ना नाव होतं ना तारीख. नुसते आकडे. काकूंच्या तिथ्या गेल्या त्या गेल्याच.

काकू दुपारी दुकानात आल्या. सर झोपले होते आणि शेजारची सून त्यांच्यापाशी बसली होती. जिना चढून दम लागला होता, तरी स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाल्या, “दाखव.”

“काकू, यातली कुठली कधीची ते कळायला मार्ग नाही. सगळ्या वाचाव्या लागतील.”

“मग वाच की. मी ऐकते.”

चार दुपारी आम्ही ते केलं. मी वाचायचो आणि काकू डोळे मिटून ऐकायच्या. मला वाटलं होतं की त्या नुसत्या सोबतीला बसतील. पण त्यांना सगळं ठाऊक होतं. “थांब. यात कोंडिबाच्या सुनेचं नाव आलंय, म्हणजे दिवाळीच्या आधीचं.” “छे, शेड्याचा तुरा तांबूस असतो, इथं पांढरा लिहिलाय, हा वाईट दिवस. पुढचं बघ.” “हां! हे बघ, हे असं. हा चांगला दिवस होता. त्या दिवशी मी उकडपेंडी केली होती आणि ह्यांनी दोनदा मागून खाल्ली.” ‘मला काय कळणार’ म्हणणाऱ्या या बाईनं वीस वर्षं नवऱ्यामागं माळ तुडवला होता, पिशवी धरली होती, आणि एकाही ओळीवर तिचं नाव नव्हतं.

कुठं चुकतंय ते त्या सांगायच्या आणि मी ते ते पान बाजूला काढायचो. पवन्या एका फायलीतला, मारवेल दुसऱ्या, शेडा तिसऱ्या. एकेका चांगल्या दिवसातून एकेक गवत उचललं. एकदा वाचता वाचता मी अडखळलो, कारण वाईट दिवसाची फाईल होती आणि मध्येच सरांनी लिहिलं होतं, ‘आज काही सुचत नाही. हिला सांगू नये.’ मी ते वाचायचं गाळलं. काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, “गाळलंस ना काहीतरी? असू दे.”

चौथ्या दिवशी संध्याकाळी मोजलं. बासष्ट गवतं पुरी झाली होती. त्रेसष्टावं, कुंदा, कुठल्याच फायलीत पुरं नव्हतं. सरांनी ते शेवटी घेतलं होतं आणि कुठल्याच सकाळी ते त्यांच्या हातून संपलं नव्हतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. ते पुस्तक निघालं, त्रेसष्ट गवतांचं निघालं, आणि माळावरच्या पोरांना ते शाळेत बक्षीस म्हणून देतात. पुस्तक आलं तेव्हा सरांना ते सांगून फारसा उपयोग नव्हता. काकूंनी एक प्रत मला दिली. मी तेव्हापासून कुणाचंही काहीही पुसायच्या आधी घरातल्या सगळ्यांना विचारतो. लोक वैतागतात. वैतागू देत. पण मला सांगायचं आहे ते त्रेसष्टावं गवत कसं पुरं झालं तेवढंच.

मी ती सगळी पानं छापली, दोऱ्यानं बांधली आणि रविवारी सकाळी घेऊन गेलो. सरांच्या नावाचं पहिलं पान मी घाईत छापायचं विसरलो होतो. सर ओसरीत खुर्चीवर बसले होते, काकू खाली बसून घेवडा निवडत होत्या. मी काही बोलायच्या आत सरांनी कागद हातात घेतले आणि वाचायला लागले.

तासभर सर पान उलटत होते, मधूनच मान डोलावत होते. माझा जीव टांगणीला लागला होता. आता पेन्सिल मागतील, खात्री नाही म्हणतील, एकेक पान खोडत सुटतील. काकूंचा हात घेवड्यावर चालत होता, पण त्या एकच शेंग सोलत होत्या.

सरांनी शेवटचं पान संपवलं आणि चष्मा काढला.

“भिसे, हे कुणाचं आहे?”

मी काकूंकडं पाहिलं. त्यांनी वर पाहिलंच नाही.

“माणूस जाणकार आहे,” सर म्हणाले. “ऐकीव लिहीत नाही. जाऊन बघितलंय त्यानं. या पवन्याचं किती नेमकं लिहिलंय बघ. मला हे काहीच माहीत नव्हतं.” त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. “फक्त कुंदा अर्धाच सोडलाय. एवढं करून शेवटी का दमला कुणास ठाऊक. कुंदा काय अवघड आहे? आमच्या शेतात होता. माझे वडील चैत्रात कुदळ घेऊन खणायचे. कमरेएवढा खड्डा केला तरी मुळी खालीच. वडील म्हणायचे, याचा राग करू नको, काळी माती यानंच धरून ठेवलीय.”

ते भडाभडा बोलत होते. कोवळा असताना बैल कसा खातात, नंतर तोंड का लावत नाहीत, मूळ कुठल्या महिन्यात सुटतं. मी जागच्या जागी बसून होतो. अशा आवाजात त्यांनी शेवटचं आम्हाला वर्गात शिकवलं होतं.

“मग तुम्हीच लिहा ना ते, सर,” मी म्हणालो. “पेन्सिल देऊ?”

सरांनी हात मागं घेतला.

“छे. दुसऱ्याच्या पुस्तकात मी कसा हात घालू? त्याची मेहनत आहे. त्याला विचारल्याशिवाय नाही.”

काकूंनी घेवड्याचं ताट बाजूला सरकवलं, हात पदराला पुसले, आणि उठून माझ्या हातातली पेन्सिल घेऊन ती सरांच्या हातात दिली.

“विचारलंय मी त्यांना,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच पुरं करा म्हणालेत.”

“असं म्हणाला? आपणहून?”

“हो.”

सरांनी क्षणभर विचार केला. मग कागद गुडघ्यावर नीट ठेवले आणि लिहायला वाकले.

“चांगला माणूस दिसतो,” ते म्हणाले.

“आहेतच,” काकू म्हणाल्या.